एक प्रतिष्ठित स्त्री पंच

ते प्रकरण आठवलं नाही असं माझं एकही वर्ष गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा चिघळलेली दंगलही आवरली. त्यातलं बरंचसं आता सांगायला बसलो तर माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची एक सुईण, आणि तिच्याविषयी मी सरकारी कागदावर लिहिलेलं एक वाक्य, मला जसंच्या तसं पाठ आहे. ते वाक्य खोटं होतं. ते खोटं असल्याचं लिहिताना मला ठाऊक होतं. आता वय झालं आहे. हात चालतो आहे तोवर ते दुरुस्त करावं म्हणून हे लिहितो. नाव कोणाचंही देत नाही.

विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, त्यानंतर तीनेक वर्षांनी माझी तिकडे बदली झाली. मी कृष्णाकाठचा. इकडची बोली कानाला नवी, ऊन तर अंगालाच नवं. सब-इन्स्पेक्टर म्हणून ठाण्याचा चार्ज घेतला आणि लोक मला ठाणेदार म्हणू लागले. गाव कापसाचं. दिवाळी झाली की जिनिंगच्या फाटकासमोर बैलगाड्यांची रांग लागे, अडते आणि दलाल उतरत, ट्रकवाले येत. सरकीच्या गोदामांच्या मागे एक गल्ली होती. तिला नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे ‘मागची गल्ली’ म्हणत.

ठाण्याचे जमादार निवृत्तीला आलेले, गावचेच. गल्लीची हकीकत त्यांनी मला सांगितली. त्यांच्या लहानपणी बड्या इजारदाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी लग्न निघालं की तिथल्या बायकांना गायला बोलावणं जाई. अंगणात जाजम, टेकायला तक्क्या, जाताना मानाचा विडा. त्या गायल्याशिवाय वरात उभी राहत नसे. पुढे लाउडस्पीकर आला. गाणं संपलं, आणि गाण्याच्या आड जे चालायचं तेवढंच उरलं. छप्पन साली वेश्याव्यवसायाच्या विरोधात कायदा झाला, दोन वर्षांनी तो अंमलात आला, आणि गल्ली उठवावी असा अर्ज ठाण्यात आला. “सह्या वाचा साहेब,” जमादार म्हणाले. “ज्याइनं जाजम टाकले, त्याइच्याच लेकाच्या सह्या हायेत.”

त्या हंगामात एक दिवस दुपारी ती सुईण ठाण्यात आली. वय पंचावन्नच्या आसपास, विधवा, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. गावात तिला सगळे मावशी म्हणत. सरकारी दाईचं शिक्षण तिनं घेतलं होतं आणि नगरपालिकेनं तिला कात्री, दोरा, औषधं असलेली पत्र्याची पेटी दिली होती. ती पेटी घेऊन ती गावातल्या कुठल्याही घरात पुढच्या दारानं जाऊ शकत असे. ठाण्यात मात्र ती बाकावर बसेना. माझ्याशी एकटीला बोलायचं आहे म्हणाली. जमादार म्हणाले, “मले तरी राहू दे मावशी, माया दोन्ही पोरी तुयाच हातच्या हायेत.” तेव्हा ती हसली आणि उंबऱ्याशी टेकली.

तिनं सांगितलं ते असं. मागच्या गल्लीत एका बाईचं बाळंतपण करायला ती गेली होती. त्या घराच्या मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. पाणी आणायला म्हणून तिनं ती काढली, तर आत पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी बसलेली. फुलसावंगीकडची. राजूरला कोळशाच्या खाणीवर टोपल्या उचलायचं काम लावून देतो, असं सांगून एका माणसानं तिला आठ दिवसांपूर्वी आणलं होतं.

“मले इचारे, माय, राजूरचा टरक आज येते का उद्या?”

मी विचारलं, “रडत होती का?”

“रडली असती तं मी इथं आली नसती, साहेब. रडनाऱ्या पोरी त्या गल्लीत मी लय पाह्यल्या. जे रडते तिले समजलेलं असते. इले अजून समजलंच नाही.”

मुलीला अजून कोणी हात लावला नव्हता. चौथ्या दिवशी आठवडी बाजार होता, आणि बाजाराच्या गर्दीत तिला मोटारीत बसवून नागपूरला न्यायचं ठरलं होतं. हे मावशीनं भिंतीआडून ऐकलं होतं. तिची एकच अट होती. तिचं नाव कुठे येऊ नये. “माही उठबस साऱ्याइच्या घरी हाये,” ती म्हणाली. नाव येणार नाही, असं मी तिला सांगितलं.

या कायद्याखाली झडती घेण्याचा अधिकार माझ्या दर्जाच्या अधिकाऱ्याला नव्हता. त्यासाठी खास नेमलेले इन्स्पेक्टर साहेब यवतमाळहून यायचे. मी त्यांना तातडीनं कळवलं. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी पोचतो, पंच तयार ठेवा, असं उत्तर आलं. पंच म्हणजे त्याच भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी, आणि कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की त्यातली एक तरी स्त्री असली पाहिजे. पुरुष पंच पाच मिनिटांत मिळाला. किराणा दुकानदार होता, आधीच उत्सुक दिसत होता. स्त्री शोधायला मी दोन दिवस फिरलो.

गल्ली उठवण्याच्या अर्जावर पहिली सही महिला मंडळाच्या अध्यक्षांची होती, म्हणून आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांचे यजमान म्हणाले, “अर्ज आम्ही लांबून केला होता, साहेब.” बाई पडद्याआडून म्हणाल्या की गल्ली उठली पाहिजे हे त्यांचं पक्कं मत आहे, पण तिथे पाऊल टाकून त्या ते मत बिघडवणार नाहीत. शाळेत एक शिक्षिका होत्या. त्यांचं लग्न ठरायचं होतं, त्यामुळे मीच पुढे बोललो नाही. जिनिंगमध्ये रेचावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणारी एक बाई धीटपणे हो म्हणाली. संध्याकाळी तिचा नवरा ठाण्यात येऊन पाया पडला. जमादार ऐकून घेत होते. शेवटी ते म्हणाले, “मावशीलेच घ्या.”

खबर देणारी व्यक्ती पंच करायची नाही, हे नव्या शिपायालाही माहीत असतं. मी तसं म्हणालो. जमादार म्हणाले, “कोनाले मालूम हाये?” ते खरं होतं. तिच्या खबरीची नोंद मी नावानिशी केलीच नव्हती.

मी तिच्या घरी गेलो. ती अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी विषय काढला तशी ती मान वर न करता म्हणाली, “नाव येनार नाही म्हनलं होतं तुमी.” मी समजावलं की खबर देणारी म्हणून नाव येणार नाही, पंच म्हणून येईल, आणि पंच होणं हा मान आहे. कायद्यात ‘प्रतिष्ठित’ असा शब्द आहे, तो तुम्हाला लागू होतो. त्याचा अर्थ तिनं विचारला. गावात जिला मान आहे अशी, असं मी सांगितलं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. तिनं फक्त विचारलं, “बजार उद्याच हाये ना?” आणि हात पुसून उठली.

दुपारी चारच्या सुमाराला आम्ही गल्लीत शिरलो. इन्स्पेक्टर साहेब, मी, जमादार, दोन शिपाई, दुकानदार आणि मावशी. दुकानदार रुमाल तोंडाला लावून चालत होता. मावशी रोजच्या सवयीनं पुढे झाली, आणि दोन दारांतून तिला ‘ये मावशी’ अशी हाक आली. इन्स्पेक्टर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चालत राहिलो.

मुलगी मागच्या खोलीत सापडली. खाकी कपडे पाहून ती भिंतीला चिकटली, मग मावशीला पाहिल्यावर तिचा पदर धरून बाहेर आली. घराची मालकीण आणि मुलीला आणणारा माणूस दोघेही हाती लागले. मी पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. मावशीनं मध्येच थांबवलं. मी खोलीला कुलूप असल्याचं लिहिलं होतं. “कुलूप नव्हतं, साहेब. कडी होती.” कुलूप लिहिलं तर केस मजबूत होते, असं दुकानदारच म्हणाला. ती म्हणाली, “असन. पन कडी होती.” मी खोडून दुरुस्ती केली. मग तिनं अंगठा दिला.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. तो माणूस बोलण्यात तरबेज होता. मी मुलीचा सख्खा मामा आहे, तिला कामाला नेत होतो, वाटेत ओळखीच्या घरी मुक्काम केला, यात गुन्हा काय, असं तो दोन तास सांगत राहिला. मुलगीही त्याला मामाच म्हणे, कारण त्यानंच तसं म्हणायला सांगितलं होतं. तिचं गाव, तिच्या बापाचं नाव त्यानं बरोबर सांगितलं. दम देऊन हा माणूस बधणार नाही, हे मला दिसत होतं. पोलिसाच्या नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. खोटं बोलणारा मोठ्या प्रश्नांची तयारी करून येतो. म्हणून मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मुलीच्या घरी जनावरं काय आहेत? एक शेळी आहे, म्हणाला. तिचं नाव काय?

“शेळीले कायचं नाव, साहेब?”

पलीकडच्या खोलीत मावशीजवळ बसलेल्या मुलीला जमादारांनी तेच विचारलं. ती पटकन म्हणाली, “चांदी.” आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ती रडायला लागली. शेळीची धार आता कोण काढत असेल, हे विचारत रडत राहिली. रडणं ऐकल्यावर त्या माणसाचा आवाज खाली आला. तासाभरात त्यानं सगळं सांगितलं, याआधी नेलेल्या आणखी दोन मुलींसकट.

इथवर मी ही हकीकत पुष्कळांना सांगितली आहे, आणि नेहमी इथेच थांबलो आहे. आता पुढचं सांगतो.

कोर्टात मालकिणीच्या बाजूनं गावातलेच वकील उभे होते. त्यांनी मावशीला विचारलं, तुम्ही या गल्लीत यापूर्वी गेला होता काय? तिला काय विचारतील, याची तयारी मी करून घेतली होती, पण हा प्रश्न मी स्वतःच टाळला होता.

“गेली होती,” ती म्हणाली.

किती वेळा, असं वकिलांनी विचारलं.

“तिथं जेवढे लेकरं झाले, तेवढ्या खेपा.”

त्या बायकांच्या घरचं पाणी पिता? पिते. चहा? चहा बी. म्हणजे त्यांच्याशी तुमचा घरोबा आहे. आणि तरी तुम्ही स्वतःला प्रतिष्ठित म्हणवता?

“मी नाही म्हनत. ठानेदारसाहेबाइनं म्हनलं.” तिनं पुढे जोडलं, “तुमच्या थोरल्याच्या वक्ती बी मीच होती, वकीलसाहेब. तवा कोनी इचारलं नाही का हे हात कोठून आले.”

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही मान खाली घातली. पण त्या हशानंच तिचा घात केला. ती गल्लीत जाते हे गावाला आधीही ठाऊक होतं. ते भरकोर्टात बोललं गेलं नव्हतं, एवढंच. आता वकिलांच्या घरच्यांना, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना, ते ऐकलं नाही असं म्हणता येईना.

मुलीला फसवून नेणाऱ्या माणसाला मुलीच्याच साक्षीवर शिक्षा झाली. मुलगी बापाबरोबर गावी गेली. मालकीण मात्र सुटली. झडतीला घेतलेली स्त्री पंच त्या वस्तीशी संबंध असलेली होती, तेव्हा पंचनाम्यावर विसंबता येत नाही, असं निकालात आलं. आठवड्याच्या आत वरिष्ठांकडून माझा खुलासा मागवला गेला.

माझी नोकरी पाच वर्षांची होती. घरी म्हातारे आईवडील आणि दोन बहिणी होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा मनात काय होतं ते सांगतो. खरं लिहायचं तर असं लिहावं लागलं असतं की ती खबर देणारी होती, हे मला माहीत होतं, तिचं गल्लीत जाणंयेणं मला माहीत होतं, आणि तरी मी तिला पंच केलं. मी लिहिलं ते हे: ‘सदर बाईने आपला त्या वस्तीशी असलेला संबंध माझ्यापासून लपवून ठेवला.’ खाली तिचं पूर्ण नाव, वय आणि पत्ता.

मला ताकीद मिळून प्रकरण मिटलं. पुढे दोन महिन्यांनी तिच्याविषयी नगरपालिकेत तक्रार गेली आणि त्यांनी ठाण्याकडे अहवाल मागितला. मी आता वेगळं काय लिहिणार? तेच वाक्य पुन्हा लिहून पाठवलं. तिची पेटी काढून घेण्यात आली.

ती ठाण्यात आली. या वेळी बाकावर बसली. तिला तो कागद कोणीतरी वाचून दाखवला होता.

“लपवलं म्हने मी. तुमालेच तं सांगाले आलती, साहेब.”

मी म्हणालो, एकदा गेलेला कागद मागे घेता येत नाही.

“मंग दुसरा लेहा.”

मी म्हणालो, बघतो. जमादार खिडकीतून बाहेर पाहत होते. ती उठायला लागली. मग म्हणाली, “मले कोनी बलावून नाही राह्यलं. पोटूश्या बायका मले पाहून दार लावते.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, मला माहिती देत असल्यासारखं ती बोलत होती. मी दुसरा कागद लिहिला नाही. त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली.

साठचं दशक संपता संपता मी इन्स्पेक्टर होऊन पुन्हा त्याच गावी आलो. मागची गल्ली होती तिथेच होती. ठाण्यात गल्लीतल्या बायकांची यादी ठेवलेली असे. चार्ज घेताना मी ती पाहिली, आणि तिच्यात मावशीचं नाव दिसलं. वय चौसष्ट. मी हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, गल्लीत राहते ना साहेब, म्हणून लिहिलं.

मी दिवसाउजेडी, गणवेशात गेलो. ती एका खोलीच्या दारात बसली होती. गावातली घरं बंद झाल्यावर भाडं कुठून द्यायचं, म्हणून गल्लीतल्या बायकांनी तिला ही खोली दिली होती. पोरं तिला आजी म्हणत होती, आणि ती सगळी तिच्याच हातची होती. तिनं मला ओळखलं. यादीतलं नाव मी खोडलं आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “खोडा ना. मी इथंच राहीन.” मग मी ते वाक्य खोटं होतं हे तोंडानं कबूल केलं. इतक्या वर्षांत ते एवढंच जमलं.

“मी अंगठेबहाद्दर हाये, येडी नाही,” ती म्हणाली. “मले तवाच मालूम होतं. त्याचं आता काय करता?” तिनं आतल्या खोलीकडे मान केली. “थे पोरगी अडली हाये. माया हातानं होत नाही. दवाखान्यात एकटी गेली तं तिले बसवूनच ठेवतीन. तुमी चाला संगं.”

जीप मागवतो, असं मी म्हणालो. तोवर वेळ नाही, म्हणाली. दोन बायकांनी त्या अडलेल्या बाईला धरलं, पुढे मावशी, मागे मी. गल्लीतून बाजारात आणि बाजारातून दवाखान्यापर्यंत आम्ही चालत गेलो. दुकानांतलं बोलणं आमच्या पुढेपुढे बंद होत गेलं. किराणा दुकानदार, माझा तो जुना पंच, मला नमस्कार करायला उठला आणि अर्ध्यातच बसला. आयुष्यात पहिल्यांदा मला खाली मान घालून चालावंसं वाटलं. मावशी पुढे नेहमीसारखी झपाझप चालली होती. दवाखान्यात गणवेश पाहून ताबडतोब आत घेतलं. मुलगी झाली. दोघी जगल्या.

त्यानंतर सातआठ वर्षांनी मावशी गेल्याचं मला कळलं. तोवर मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. त्या प्रकरणाचे कागद मुदत संपल्यावर नष्ट झाले असणार. दुरुस्ती करायला आता मूळ कागदच उरलेला नाही, म्हणून ती इथे करतो. सदर बाईने माझ्यापासून काहीही लपवून ठेवले नव्हते. त्या वस्तीशी असलेला आपला संबंध तिने पहिल्याच दिवशी, स्वतः होऊन, मला सांगितला होता. तिला पंच मी केले, ती नको म्हणत असताना केले.

आज त्या व्यवसायाविषयी लोक बदललेल्या भाषेत बोलतात. आरोग्य खात्याच्या मुली गल्लीत मोकळेपणानं जातात, त्या बायकांना ताई म्हणतात, सभांमधून त्यांच्या हक्कांविषयी बोललं जातं. ऐकून बरं वाटतं. पण मला या प्रकरणानं जे शिकवलं ते त्या बायकांविषयी कमी आणि आमच्याविषयी जास्त आहे. आम्ही पोलीस, कोर्ट, गाव, सगळेच माणूस काय सांगतो ते ऐकण्याआधी तो कुठून चालत आला ते पाहत होतो.

याचा पुरावा मला त्या दवाखान्याच्या फेरीनंतर पंधरा दिवसांतच मिळाला. इन्स्पेक्टर भरदिवसा मागच्या गल्लीत जातात आणि तिथल्या बायकांबरोबर बाजारातून फिरतात, असा निनावी अर्ज वर गेला. साहेबांनी माझा खुलासा मागितला. मी एका ओळीत लिहिलं की अडलेल्या बाईला मी दवाखान्यात पोचवलं. साक्षीदार विचारला गेला नाही, चौकशी झाली नाही. खुलासा मान्य, असा शेरा दुसऱ्याच दिवशी आला. मावशीची पेटी काढून घेताना तिच्याकडून खुलासा कोणी मागितलाही नव्हता.